राजाला धरलं ते गाव: ऐतिहासिक चित्रपट आणि कोकण

संगमेश्वराजवळच्या कसब्यात उतरलेला पाहुणा हल्ली पहिला प्रश्न एकच विचारतो: राजांना धरलं ती जागा कुठली? कर्णेश्वराचं देऊळ, शास्त्रीचा काठ, जुने वाडे हे सगळं त्यानंतर. २०२५ च्या फेब्रुवारीत संभाजी महाराजांवरचा हिंदी चित्रपट आला आणि इकडे गाड्या वळू लागल्या. पुढच्याच महिन्यात राज्याच्या अर्थसंकल्पात इथल्या स्मारकाची घोषणा झाली. १ फेब्रुवारी १६८९ ला मोगलांनी संभाजी महाराजांना इथे धरलं, ती घटना गाव कधी विसरलं नव्हतं. पण कसब्याचं नाव साऱ्या महाराष्ट्राच्या तोंडी यायला पडदा लागला, आणि ते आलं फितुरीची जागा म्हणून. चित्रपटांत कोकणाच्या वाट्याला हेच का येतं, हे कळायला शंभर वर्षं मागे जावं लागतं.

मराठी प्रेक्षक ‘मध्ययुगीन चित्रपट’ असं म्हणत नाही. तो ‘ऐतिहासिक’ म्हणतो, आणि ऐतिहासिक म्हणजे शिवकाळ, फार तर पेशवाई. अभ्यासक मराठ्यांचा मध्ययुगीन इतिहास १८१८ पर्यंत नेतात, म्हणून कोकणचे आरमारी सरदार आंग्रेही त्यात बसतात. कोकणच्या ज्या शिलाहार राजांच्या काळात, १०६० मध्ये, अंबरनाथचं शिवमंदिर उभं राहिलं, त्यांना मात्र या शब्दात जागा मिळाली नाही. पुढचं सगळं या रूढ अर्थानंच वाचावं.

सुरुवात कोल्हापुरात झाली. १९२३ मध्ये तानाजीच्या कोंढाण्यावरचा मूकपट तिथे निघाला आणि रात्रीच्या प्रसंगांसाठी त्यात कृत्रिम प्रकाश वापरला गेला. गाव कोल्हापूर असल्यामुळे चित्रपटालाही कोल्हापूरचा चेहरा मिळाला. घोडे होते, तालमीत कमावलेली माणसं होती, पन्हाळ्यासारखा गड हाकेच्या अंतरावर होता. नव्हता तो समुद्र. पडद्यावरचा मावळा उभा राहिला तो घाटमाथ्याच्या मातीत, आणि पुढची सत्तर-ऐंशी वर्षं तो तिथून हलला नाही.

१९३० मध्ये शिवाजी महाराजांच्या तरुणपणावरच्या एका मूकपटाचं नाव ‘स्वराज्याचं तोरण’ ठरलं होतं. ‘स्वराज्य’ हा शब्द परक्या सरकारच्या सेन्सॉरला सोसला नाही आणि तो चित्रपट ‘उदयकाल’ म्हणून लागला. एवढ्या एका शब्दावरून कळतं की हे चित्रपट सतराव्या शतकाबद्दल बोलताना विसाव्या शतकालाच काही सांगत होते. स्वातंत्र्यानंतर सेन्सॉरची धास्ती गेली. १९४८ च्या जाळपोळीत कोल्हापुरातला एक स्टुडिओ भस्मसात झाला. तो पुन्हा उभा करून त्याच्या मालकानं १९५२ मध्ये शिवचरित्रावर मराठी-हिंदी चित्रपट काढला. १९६४ पर्यंत ही धारा जोरात वाहिली. संयुक्त महाराष्ट्र नुकताच झालेला, त्यामुळे सगळ्या मराठ्यांना एक करण्याची भाषा तेव्हाच्या गाण्यांत आणि संवादांत ठायी ठायी होती. कॅमेरा एका जागी, संवाद पल्लेदार, लढाई दोन मिनिटांची आणि आऊसाहेबांचा प्रसंग दहा मिनिटांचा, असं ते गणित होतं. मला त्यात आजही राजकारणाची जाण दिसते. माणसं एकमेकांशी बोलून, पटवून, रुसून स्वराज्य उभं करत होती.

आमच्याकडे हे चित्रपट फार उशिरा पोहोचले. लहानपणी गणपतीत चाकरमानी आले की वर्गणी काढून तालुक्याहून रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर आणायचे. खळ्यात सतरंज्या पडायच्या, रात्री तीन कॅसेटी लागायच्या आणि त्यांतली एक ऐतिहासिक असायची. आमचे आजे तांडेल, म्हणजे गलबताचे प्रमुख होते, अर्धं आयुष्य हर्णैपासून खाली मलबारपर्यंत शिडाच्या गलबतावर गेलेलं. गडावरची लढाई ते मन लावून पाहायचे. एकदा कुठल्याशा चित्रपटात समुद्र आला, जहाज आलं, आणि गोल चाक फिरवणारा नाखवा दिसला. आजे उठून पडवीत जाऊन बसले. “सुकाण असं धरीत नाय,” एवढंच म्हणाले.

त्यांचं म्हणणं किती बरोबर होतं हे मला फार पुढे कळलं. जहाजाचं गोल चाक युरोपातच अठराव्या शतकाच्या सुरुवातीला आलं. महाराजांच्या हयातीत इंग्रजांच्या जहाजांवरही ते नव्हतं, मग आपल्या गुराबेवर कुठलं असणार! गुराब म्हणजे दोन-तीन डोलकाठ्यांचं तोफा वाहणारं जहाज. अरबीत या शब्दाचा अर्थ कावळा. गलबत त्याहून हलकं आणि वारा पडला तर वल्ह्यांवर चालणारं. शिबाड मालाचं. मचवा, पडाव, तरांडं यांची कामंही आपापली. चित्रपटात या सगळ्यांचं मिळून एकच ‘जहाज’ होतं आणि ते दिसायला इंग्रजांचं असतं: चौकोनी शिडं, उंच डोलारा, चाक. गडावरच्या पगडीचा पेच चुकला तर चार पत्रं येतात. शिडाचा आकार चुकला तर कोणी हूं की चूं करत नाही.

याला कारणंही आहेत. सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग, जंजिरा ही केंद्राची संरक्षित स्मारकं आहेत, तिथे चित्रीकरणाला परवानगी लागते आणि ती मिळाली तरी अटी कडक. पावसाळ्याचे महिने समुद्र बंद. जुन्या बांधणीच्या होड्या आता नाहीत, त्या करायच्या तर सुतारापासून शोध. निर्माता म्हणतो, त्यापेक्षा सह्याद्रीत शंभर घोडे परवडले. हिशेब त्याच्या बाजूनं बरोबर असेल. पण २५ नोव्हेंबर १६६४ ला मालवणच्या कुरटे बेटावर ज्या राजानं पाण्यात किल्ल्याचा पाया घातला, त्याला पडद्यानं कायम घोड्यावरच बसवलं, हेही तितकंच खरं.

समुद्र आला तो परदेशी पडद्यावर, आणि कसा आला तर चाच्यांचा म्हणून. २००७ च्या एका हॉलिवूडपटात जगभरच्या चाच्यांची सभा भरते. त्यात हिंदी महासागराचा प्रतिनिधी म्हणून जो बसलाय त्याचं नाव संभाजी आंग्रे यांच्यावरून घेतलंय. अलिबागेत त्यांचे वडील कान्होजी यांची समाधी आहे, १७२९ मध्ये ते गेले. मराठ्यांचे सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख होते, छत्रपतींचं पद होतं. त्यांच्या मुलाचं नाव चाच्यांच्या यादीत गेलं ते इंग्रजांच्या कागदांमुळे. आंग्र्यांचं दस्तक, म्हणजे परवाना, न घेता जाणारं जहाज ते धरायचे. पोर्तुगीज दीडशे वर्षं आपल्या परवान्याशिवाय या किनाऱ्यावर कोणाला फिरू देत नव्हते, त्यांना कोणी चाचे म्हटलं नाही. दोघांची रीत एकच होती, फरक एवढाच की आंग्र्यांबद्दलची दप्तरं त्यांच्या शत्रूंनी, इंग्रजांनी लिहिली. आपल्याकडच्या लेखांतही हा शब्द सर्रास येतो, त्याचं मला फार वाईट वाटतं.

सत्तरीनंतर मोठ्या पडद्यावरची ही धारा आटली. शिवचरित्राचं महानाट्य मैदानांवर गेलं, मालिका घरात आल्या. २०१७ ते २०२० या काळात संभाजी महाराजांवरची मालिका चालली आणि कोकणातल्या घराघरांत येसूबाई, कवी कलश, सोयराबाई यांच्यावर वाद झाले. पुढच्या लाटेचा प्रेक्षक तयार झाला तो इथे. २०१८ पासून मराठीत शिवकालीन चित्रपट पुन्हा येऊ लागले. पैसा बेताचा, पण अभ्यास आणि निष्ठा दिसत होती. मोहिमेच्या आखणीला, हेरांना, गनिमी काव्याला जागा मिळाली. रायगडाच्या पायथ्याशी राहणारी गवळण हिरकणी २०१९ मध्ये नायिका झाली, हा मला या सगळ्या काळातला सर्वांत कोकणी क्षण वाटतो.

बदल मोजायचा तर तानाजीकडे पाहावं. त्याचं गाव उमरठ, पोलादपूरजवळ, म्हणजे आमच्याच बाजूचं. १९२३ चा मूकपट, १९३३ चा बोलपट, २०२० चा त्रिमितीतला हिंदी चित्रपट, २०२३ चा मराठी. एकच कडा, एकच रात्र. पूर्वी तानाजी पडतो तेव्हा शोक मोठा असायचा. आता पराक्रम मोठा असतो. कड्याची उंची संगणकानं वाढवली, शत्रू अधिक क्रूर झाला, रंग दोनच राहिले: आपला भगवा आणि समोरचा काळा. उमरठची शेतं, रायबाच्या लग्नाची लगबग, वरंध्याकडून येणारा वारा यांना वेळ कमी उरला.

आता कसब्याचा मुद्दा, कारण सगळा बदल तिथे येऊन थांबतो.

२०२५ चा तो चित्रपट १९७९ च्या एका गाजलेल्या कादंबरीवर बेतलेला. प्रदर्शनाआधी झलक आली तेव्हा राजे लेझीम खेळताना दाखवल्याबद्दल हरकत घेतली गेली आणि ते दृश्य काढलं. त्यावर बरीच चर्चा झाली. माझ्या मते ती दुय्यम होती. खरा पेच प्रदर्शनानंतर उघडा पडला. राजांचा ठावठिकाणा मोगलांना कळवणारे म्हणून गणोजी आणि कान्होजी ही नावं चित्रपटात होती. शिर्के घराण्याच्या वंशजांनी आक्षेप घेतला, अब्रुनुकसानीच्या दाव्याचा इशारा दिला. दिग्दर्शकानं दिलगिरी व्यक्त केली आणि सांगितलं की आम्ही फक्त नावं घेतली, आडनाव घेतलं नाही, गावही दाखवलं नाही.

आडनाव आणि गाव गाळण्याचा हा निर्णय मला मनापासून चुकीचा वाटतो, आणि वंशजांच्या दुखावण्याशी माझा झगडा नाही. ज्याला हा इतिहास ठाऊक आहे त्याला गणोजी म्हटल्यावर आडनाव सांगावं लागत नाही. म्हणजे आरोप तसाच राहिला. नाहीसं झालं ते गाव. ते गाव शृंगारपूर, संगमेश्वराच्या पूर्वेला, सह्याद्रीच्या पायथ्याशी. आणि शृंगारपूर काढलं की भांडणाचं कारणही जातं. गणोजी शिवाजी महाराजांचा जावई. शिर्क्यांना दाभोळचं वतन हवं होतं आणि नव्यानं वतनं देण्याविरुद्ध राज्याचं धोरण उभं होतं. १६८८ च्या अखेरीस शिर्के आणि कवी कलश यांच्यात लढाई झाली, कलशाला विशाळगडाकडे जावं लागलं आणि राजे स्वतः मदतीला उतरले, हे जेधे शकावलीत, म्हणजे जेधे घराण्याच्या जुन्या कालक्रम-नोंदींत आहे. कोकणातल्या एका खोऱ्यातला वतनाचा झगडा होता हा. मोगल सरदार मुकर्रबखान कोल्हापूरकडून आंबा घाटानं उतरला, त्याला वाट कोणी दाखवली यावर अभ्यासकांचं एकमत नाही. चित्रपटानं ते एकमत करून टाकलं, आणि वर ठिकाण पुसलं.

शिवाय त्याच शृंगारपूरची, त्याच घरातली लेक येसूबाई. राजे धरले गेल्यावर रायगड तिनं लढवला, राजारामांना गडाबाहेर काढण्याचा निर्णय तिचा, आणि नंतरची जवळजवळ तीस वर्षं ती मोगलांच्या कैदेत राहिली. पुढे जिंजीच्या वेढ्यातून राजाराम महाराज सुटले तेव्हा मोगलांच्या छावणीतल्या ज्या शिर्क्यानं मदत केली, तोही गणोजीच. राजारामांचे चिटणीस खंडो बल्लाळ यांनी त्यासाठी आपल्या दाभोळच्या वतनावर पाणी सोडलं. एकच माणूस, एकच वतन, दोन छत्रपती, दोन वेगळे शेवट. १९५२ च्या पद्धतीचा चित्रपट असता तर या माणसाला बोलायला दहा मिनिटं मिळाली असती. आजच्या चित्रपटात त्याला दोन चेहरे आहेत, भेदरलेला आणि हावरट.

‘सिनेमॅटिक लिबर्टी’ हा शब्द अशा वेळी दोन्ही बाजू वापरतात. करणारा म्हणतो, मला तेवढी मोकळीक द्या. विरोधक म्हणतो, मोकळीक घेतली म्हणून माफी मागा. आमच्या दशावतारात राजा कुठल्या काळचा मुकुट घालतो हे कोणी विचारत नाही, कारण तिथे प्रेक्षकाला ठाऊक असतं की हा खेळ आहे आणि रात्रभर संवाद ऐनवेळी रचले जाणार आहेत. चित्रपट सुरुवातीलाच इतिहासाची शपथ घेतो आणि मग खेळाची सवलत मागतो. दशावतार पाहत वाढलेल्या माणसाला हे पटत नाही.

२०२५ च्या जुलैत मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले. त्यांतले पाच कोकणातले: रायगड, खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग. त्यांपैकी मुंबईजवळच्या खांदेरी बेटाची गोष्ट मी निर्मात्यांच्या कानावर पुन्हा पुन्हा घालतो. १६७९ च्या पावसाळ्याच्या अखेरीस मराठ्यांच्या आरमारातला मायनाक भंडारी तिथे तट बांधू लागला. मुंबईच्या इंग्रजांनी जहाजं पाठवून बेटाची नाकेबंदी केली. थळ-नागावच्या बाजूनं दौलतखानाच्या होड्या रात्री दगड, चुना आणि धान्य घेऊन निघायच्या. वारा पडला की इंग्रजांची मोठी जहाजं शिडं लोंबवून जागच्या जागी उभी राहायची, आणि वल्ह्यांवरच्या आपल्या होड्या त्यांच्या मधून बेटाला लागायच्या. पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला इंग्रजांनी वेढा उठवला. तट अजून उभा आहे.