थरथरत्या बोटांसाठी

जीव घाबरा झालेला असतो तेव्हा रोज न बघता टाकला जाणारा पासवर्डही तीनदा चुकतो. हात थरथरतात, तळव्यांना घाम सुटतो आणि ओल्या बोटाला टचस्क्रीन नीट दाद देत नाही. म्हणून लॉक न उघडता, नुसतं बटण चाचपून मदत मागता यायलाच हवी.

अँड्रॉइड १२ मध्ये, २०२१ साली, पॉवर बटण भराभर पाच वेळा दाबून आपत्कालीन कॉल लावायची सोय आली. दृष्टिहीन माणसालाही ती सहज वापरता येते. पण २०२३ मध्ये ब्रिटनच्या पोलिसांकडे ९९९ या आपत्कालीन क्रमांकावर चुकून लागलेल्या कॉलचा पूर आला. खिशातल्या खिशात बटण दाबलं जायचं. पलीकडून कुणीच बोलत नाही म्हणून फोन ठेवून देता येत नाही, खरंच कुणी संकटात नाही ना याची खात्री करावी लागते. तेवढा वेळ दुसरा कुणी गरजू ताटकळतो.

यावर उपाय म्हणजे कॉल लागण्याआधी काही सेकंद वाजणारा भोंगा. खिशातला कॉल त्याने वेळीच लक्षात येतो. मात्र मारहाण करणारा शेजारच्या खोलीत असेल तर तोच भोंगा जीवावर बेतेल. त्यामुळे तो बंद ठेवायची मुभा हवीच; आयफोनमध्ये ती आहे. कंपवाताच्या रुग्णाला तर भराभर पाच वेळा बटण दाबणंच अवघड. त्याला बटण दाबून धरणं सोपं जाईल. एकच पद्धत सगळ्यांना पुरेल, हे गृहीतच मला चुकीचं वाटतं.

‘कुठे आहात?’ या प्रश्नाचं उत्तर फोनने स्वतःच द्यावं, यासाठी एएमएल (अ‍ॅडव्हान्स्ड मोबाइल लोकेशन) ही पद्धत आहे. कॉल लागताच फोन जीपीएस आणि वायफायवरून ठिकाण शोधतो आणि साधारण २० सेकंदांत ते आपत्कालीन सेवेला आपोआप पाठवतो.

आणि ज्याला ऐकू येत नाही, बोलता येत नाही, त्याचं काय? त्याच्यासाठी ‘रिअल टाइम टेक्स्ट’ आहे. एसएमएस लिहून पाठवावा लागतो; इथे टाइप केलेलं प्रत्येक अक्षर त्याच क्षणी पलीकडे उमटतं. ‘धूर खूप, जिन्यात अड’ एवढंच लिहून फोन हातातून निसटला, तरी तेवढं पोचलेलं असतं. फक्त ते वाचणारी यंत्रणा नियंत्रण कक्षातही लागते, आणि ती अजून सगळीकडे नाही.