एचआयव्ही आणि अंगावर उठणारं पित्त : ओळख कशी पक्की होत गेली

एड्सच्या पहिल्या नोंदी १९८१ साली अमेरिकेत झाल्या. तेव्हा त्वचेवरच्या ज्या खुणेकडे साऱ्यांचं लक्ष गेलं ती कापोसी सार्कोमा या कर्करोगाच्या जांभळट डागांची. रुग्णांची झोप उडवणारी खाज मात्र मागेच राहिली आणि अनेकदा 'पित्त उठलंय' एवढ्यावर सोडून दिली गेली.

प्रतिकारशक्ती ढासळलेल्या शरीराला ॲलर्जी कशी होईल, हा प्रश्न साहजिक आहे. पण सीडी-४ पेशी (संरक्षण सांभाळणाऱ्या पांढऱ्या पेशी) घटतात तसं बऱ्याच रुग्णांच्या रक्तात आयजीई (ॲलर्जीशी निगडित प्रतिपिंड) आणि इओसिनोफिल (ॲलर्जीत वाढणाऱ्या पांढऱ्या पेशी) वाढलेले दिसतात. संरक्षण दुबळं होतं आणि प्रतिक्रिया भलतीकडेच तीव्र होतात.

मग एकेक गोष्ट वेगळी ओळखता येऊ लागली. १९८६ साली इओसिनोफिलिक फॉलिक्युलायटिसचं वर्णन झालं: चेहरा, मान, छाती-पाठीवर, केसांच्या मुळाशी येणाऱ्या खाजऱ्या पुळ्या. २००४ साली युगांडातल्या एका अभ्यासात हातापायांवर खाजऱ्या पुटकुळ्या असलेल्या १०२ रुग्णांच्या त्वचेचे तुकडे तपासले गेले. त्यांपैकी ८६ जणांत कीटकदंशाच्या खुणा सापडल्या.

खऱ्या पित्ताची गांध यांहून वेगळी. ती फुगीर असते आणि एकेक गांध साधारण २४ तासांत मागमूस न ठेवता विरते, मग दुसरीकडे नवी उठते. कडेने पेनाने रेघ मारून दुसऱ्या दिवशी पाहावं, मला याहून सोपी आणि भरवशाची खूण माहीत नाही. सावळ्या त्वचेवर लाली दिसतेच असं नाही, म्हणून बोट फिरवून उंचवटा चाचपावा.

सर्वांत महागात पडलेली गल्लत औषधांच्या पुरळाची. कोट्रायमोक्साझोल या जंतुनाशक औषधाने एड्सच्या रुग्णांना इतरांपेक्षा फार जास्त पुरळ येतं, हे १९८०च्या दशकातच दिसलं होतं. १९९१ साली नैरोबीतून थायासेटाझोनचा इशारा आला: क्षयाच्या या औषधाने एचआयव्ही असलेल्यांच्या त्वचेवर जीवघेण्या प्रतिक्रिया होत होत्या. पुढे नेव्हिरापिन आणि अबॅकाविर या एचआयव्हीवरच्या औषधांनीही सावध केलं. अबॅकाविरसाठी एचएलए-बी*५७०१ ही जनुकीय चाचणी आधी केली तर गंभीर प्रतिक्रिया टळते, हे २००८ साली सिद्ध झालं. अबॅकाविरची अशी प्रतिक्रिया एकदा आली, की ते औषध पुन्हा कधीही सुरू करायचं नसतं.

त्यामुळे नवी गोळी सुरू झाल्यावर पुरळ उठलं आणि सोबत ताप, तोंडात किंवा डोळ्यांत जखमा, सोलणारी कातडी, ओठांना सूज किंवा धाप असेल, तर ते साधं पित्त समजून घरी थांबू नये. त्याच क्षणी रुग्णालय गाठावं.