‘पेशंट ऐकतच नाही’ या तक्रारीमागचा इतिहास

बेळगाव, खानापूर, निपाणी, कुठल्याही बीपी-शुगरच्या ओपीडीबाहेर तासभर थांबलात तर हे वाक्य कानावर पडणारच. गोळ्या वेळेवर घेत नाहीत, पथ्य पाळत नाहीत, तारखेला येत नाहीत. सध्या ‘पेशंटचं सक्षमीकरण’, म्हणजे आपला आजार सांभाळायचे निर्णय पेशंटनेच घ्यावेत, हा विषय नर्सिंगच्या ट्रेनिंगमध्ये बराच चालतो म्हणून तो कुठून आला ते लिहितोय. डायबेटिस, डायलिसिस, दमा म्हणजे काय हे घरोघरी माहीत आहे, त्यात जात नाही.

सक्षमीकरणाची उलट बाजू म्हणजे हतबलता, तिथून सुरू करू, फार मागे जायचं कारण नाही. हतबलता कशी शिकली जाते यावर १९६७ च्या आसपास अमेरिकेत कुत्र्यांवर प्रयोग झाले, काहीही केलं तरी शॉक चुकत नाही हे एकदा कळलं की पुढे सुटायची वाट मोकळी असूनही बरीच कुत्री जागची हलत नव्हती. १९७६ मध्ये तिथल्याच एका वृद्धाश्रमात काही म्हाताऱ्यांना छोटे छोटे निर्णय स्वतः घ्यायला दिले आणि एकेक रोपटं सांभाळायला दिलं, ती मंडळी बाकीच्यांपेक्षा जास्त हिंडती-फिरती आणि खूश दिसली. हे सगळं मानसशास्त्रवाल्यांचं, नर्सिंगने ते नंतर उचललं.

खरी गंमत नर्सिंगच्या यादीत आहे, आणि तीच सहसा कुणी सांगत नाही. डॉक्टर रोगाचं निदान करतो तसं नर्सने पेशंटच्या अवस्थेचं निदान करावं म्हणून १९७३ पासून अमेरिकेत एक यादी बनवायला घेतली, आपल्याकडच्या बीएस्सी नर्सिंगच्या केअर प्लॅनमध्ये, म्हणजे पेशंटच्या सेवेच्या लेखी आराखड्यात, मुलं जी घोकतात ती तीच. या यादीत ‘सूचना न पाळणे’ हे निदान पहिल्याच खेपेला, म्हणजे १९७३ लाच घुसलं. ‘पॉवरलेसनेस’, आपल्या हातात काही राहिलं नाही ही भावना, तिला जागा मिळायला १९८२ उजाडलं. म्हणजे पेशंट ऐकत नाही हे आधी दिसलं आणि तो का ऐकत नसेल हे नऊ वर्षांनी सुचलं. पुढच्या सगळ्या भांडणाचं मूळ मला तरी इथंच दिसतं.

बरं, १९८२ नंतरही सरळ मामला नव्हताच. या हतबलतेची कारणं म्हणून पुस्तकात चार गोष्टी दिलेल्या असायच्या, एक दवाखान्याचं वातावरण, दुसरं माणसं पेशंटशी कशी वागतात ते, तिसरं आजाराचं पथ्यपाणी नि औषधांचं वेळापत्रक, आणि चौथी ‘हतबलतेची जीवनशैली’. पहिल्या तिन्ही पेशंटच्या बाहेरच्या. चौथी मात्र फिरून त्याच्याच डोक्यावर खापर फोडणारी, हा माणूस मुळातच असा. आता केअर प्लॅन लिहिणारी थर्ड इयरची पोरगी चारांपैकी कुठलं लिहील? दवाखान्याचं वातावरण वाईट आहे असं लिहून ती जर्नल सही करायला कुणाकडे नेणार आहे? त्यामुळे चौथंच सोपं पडायचं. ‘सूचना न पाळणे’ हे निदान पुढे त्या यादीतून गेलं, पण वॉर्डातल्या बोलण्यातून काही गेलेलं नाही.

सक्षमीकरणाची बाजू मुख्यतः डायबेटिसमधून आली. घरी शुगर तपासायचं मशिन १९८० च्या आगेमागे लोकांच्या हातात यायला लागलं, आणि १९९३ मध्ये अमेरिका-कॅनडातल्या १,४४१ टाइप वन पेशंटांच्या अभ्यासातून दिसलं की शुगर घट्ट आवाक्यात ठेवली तर डोळे, किडनी, नसा यांचं नुकसान बरंच कमी होतं. पण घट्ट ठेवणार कोण, डॉक्टर तर महिन्या-दोन महिन्यांनी दहा मिनिटं भेटतो, बाकी दिवस पेशंट आणि त्याच्या घरची बाई. त्याच सुमारास तिकडच्या नर्सेस आणि शिक्षकांनी म्हणायला सुरुवात केली की ध्येय पेशंटला ठरवू द्या, आपण माहिती द्यायची आणि साथ द्यायची. आपल्याकडे हे आलं ते पुस्तकातूनच आलं, ओपीडीत दोनशे माणसं रांगेत असताना ध्येय विचारायला कुणाला वेळ?

आता आपल्या भागाकडे. २०१० मध्ये डायबेटिस, कॅन्सर, हृदयविकाराचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, मग तिशीच्या पुढच्यांची तपासणी, आशाताईंनी घरोघर भरायचा फॉर्म, २०१८ पासून उपकेंद्रात नर्सिंग शिकलेले सीएचओ, म्हणजे कम्युनिटी हेल्थ ऑफिसर. फॉर्ममध्ये तंबाखू, दारू, कमरेचा घेर सगळं विचारतात. तुम्हाला यातलं काय जमेल हा प्रश्न काही त्यात नाही. निपाणीत विडी वळणाऱ्या बाईला तंबाखू सोडा म्हणून सांगणं सोपं, तिचा हात दिवसभर त्यातच असतो. शिवाय भाषा. बेळगाव शहरात बहुतेकांना कानडी कळतं, पण खानापूरच्या पश्चिमेकडच्या वाड्यांवरच्या म्हाताऱ्या बायकांना जेवणाआधीची गोळी कुठली नि नंतरची कुठली हे कानडीत सांगितलं आणि चिठ्ठी इंग्रजीत दिली तर त्या मान हलवतात आणि घरी येऊन गोळीच्या रंगावरून ठरवतात. कंपनी बदलली की रंग बदलतो. मग तारखेला शुगर वाढलेली निघते आणि सिस्टर म्हणते, मावशी तुम्ही ऐकतच नाही. सिस्टरवर राग काढायचं कारण नाही, तिला तरी मराठी कुणी शिकवलंय.

आणि मग ८६५ गावांचं प्रकरण, ज्यावर सगळ्यांनी आवाज चढवला. १९५६ पासूनचा सीमावाद, २००४ पासून सुप्रीम कोर्टात, ते सोडा. महाराष्ट्राने २०२३ च्या एप्रिलमध्ये आपली जनआरोग्य योजना, म्हणजे दवाखान्याचा खर्च सरकारने उचलायची योजना, कर्नाटकातल्या पण आपला दावा असलेल्या ८६५ गावांना लागू केली, ५४ कोटींची तरतूद केली. कर्नाटकाने हा आपल्या हद्दीत हस्तक्षेप म्हणून आक्षेप घेतला, जानेवारी २०२४ मध्ये बेळगाव भागातली अर्ज भरून घेणारी केंद्रं प्रशासनाने बंद पाडली. आपल्याकडे याची चर्चा फक्त अस्मितेची झाली. एका बाजूला हक्क, दुसऱ्या बाजूला घुसखोरी. माझं म्हणणं कुणाला आवडो न आवडो, केंद्रं बंद पाडणं वाईटच होतं, ज्याचं डायलिसिस आठवड्यातून दोन-तीनदा, दरवेळी चारेक तास, त्याच्यासाठी एखादा जादा पर्याय म्हणजे राजकारण नव्हे. पण योजनेचा उदोउदो करणाऱ्यांनीही एक गोष्ट लपवलीच. ही योजना काय किंवा कर्नाटकाची काय, दोन्ही मुख्यतः ॲडमिट झाल्यावरच्या पॅकेजच्या. रोजच्या बीपीच्या गोळीला, शुगरच्या स्ट्रिपला, पायाची जखम बघायला दर आठवड्याला येणाऱ्या सिस्टरला त्यात जागा जवळजवळ नाहीच. पाय कापायची वेळ आली की पैसे, पाय वाचवायला नाहीत! दोन सरकारं भांडली ती दवाखान्यात पोचलेल्या माणसावरून, घरात पंधरा वर्षं शुगर घेऊन बसलेल्यावरून कुणी भांडलं नाही.

सीमेपलीकडे जाऊन उपचार घेणं मात्र नवं नाही. मिरजेला मिशनच्या दवाखान्यात इकडची माणसं एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापासून जातायत, नंतर कोल्हापूर, खानापूरवाले गोव्याला बांबोळीच्या सरकारी दवाखान्यात. गोव्याने जानेवारी २०१८ पासून बाहेरच्या पेशंटांना फी लावली, तेव्हा तोही रस्ता महागला.

त्याच्या दोनच महिने आधी, नोव्हेंबर २०१७ मध्ये, बेळगावच्या सुवर्ण विधानसौधात अधिवेशन चालू असताना खाजगी दवाखान्यांच्या कायद्याच्या दुरुस्तीवरून डॉक्टर रस्त्यावर आले होते, राज्यभर ओपीडी बंद पडल्या. शेवटी नियम मोडणाऱ्या डॉक्टरांना जेलच्या ज्या तरतुदी होत्या त्या सौम्य झाल्या आणि पेशंटच्या हक्कांची सनद कायद्यात राहिली. जेलचं काय झालं हे सगळ्यांना आठवतं, सनदेत काय आहे ते विचारून बघा कुणाला.

अलीकडचं म्हणजे कर्नाटकाची घरोघरी बीपी-शुगर तपासायची योजना, ऑक्टोबर २०२४ ला कोलारमधून सुरू झाली आणि २०२५ मध्ये इतर जिल्ह्यांत आणली. घरी येऊन तपासलं तर खानापूरच्या म्हाताऱ्यांची एसटीची एक फेरी वाचते, हे मोठंच काम आहे. रजिस्टरात नोंद कानडीत होते. पेशंटच्या हातात काय ठेवून जायचं, मराठीत लिहून द्यायचं की नाही, चुलीजवळ बसून दोन प्रश्न विचारायचे की पुढच्या घरी पळायचं, हे सध्या तरी येणाऱ्या सिस्टरच्या मर्जीवर आणि तिला त्या दिवशी किती घरं दिलीत त्यावर आहे.