वित्तीय डेटा अभियांत्रिकी (कोल्हापूर)

बँका, पतसंस्था, विमा आणि कर्जकंपन्या यांच्या निरनिराळ्या संगणक प्रणालींत विखुरलेल्या नोंदी गोळा करून, तपासून, हिशेबाला वापरता येतील अशा रूपात रोज पोहोचवण्याचे काम. विश्लेषक आकड्याचा अर्थ लावतो. तो आकडा मुळात खरा आहे ना, हे डेटा इंजिनिअरने पाहायचे. कीर्द-खतावणीच्या काळात ताळा जुळल्याशिवाय कारकुनाला घरी जाता येत नसे. काम तेच, फक्त वह्या बदलल्या.

शाखांचा ‘डे-एंड’ झाला, म्हणजे दिवसाचा हिशेब बंद झाला, की रात्री पाइपलाइन, म्हणजे नोंदी उचलून पुढे पोहोचवणाऱ्या कामांच्या साखळ्या, सुरू होतात. एसक्यूएल व पायथन या संगणकीय भाषा ही रोजची हत्यारे. साखळीतले कोणते काम, म्हणजे जॉब, कधी चालायचा, हे एअरफ्लोसारखी साधने ठरवतात. सर्वांत किचकट काम जुळवणीचे. यूपीआयचा एकच व्यवहार पैसे पाठवणाऱ्याची बँक, घेणाऱ्याची बँक आणि यूपीआय चालवणारे राष्ट्रीय पेमेंट महामंडळ अशा तिन्हीकडे नोंदला जातो. एकीकडे रक्कम वजा आणि दुसरीकडे जमा नाही, अशी नोंद शोधून बाजूला काढावी लागते. अर्ध्यात बंद पडलेला जॉब पुन्हा चालवला, तर तीच रक्कम दोनदा जमा होता कामा नये. पैसे नेमका आकडा राखणाऱ्या दशांश प्रकारातच ठेवतात. फ्लोटिंग पॉइंट या संगणकाच्या अंदाजे मांडणीत ०.१ आणि ०.२ यांची बेरीज नेमकी ०.३ येत नाही, आणि हा बारीकसा फरक लाखो ओळींत वाढत जातो.

कोल्हापूरचा बँकिंगशी संबंध जुना. १९४३ साली इथे स्थापन झालेली रत्नाकर बँक आज आरबीएल बँक म्हणून ओळखली जाते. नोंदणीकृत कार्यालय अजून कोल्हापुरात, कॉर्पोरेट कारभार मात्र मुंबईत. तरीही जिल्ह्याची खरी ओळख सहकाराची. पीककर्ज जिल्हा बँकेकडून गावच्या विकास संस्थेमार्फत, म्हणजे शेतकऱ्यांच्या सहकारी सोसायटीमार्फत, शेतकऱ्याला मिळते आणि वसुली बहुधा कारखान्याच्या ऊसबिलातून कापली जाते. दुधाचे बिल दहा दिवसांचे. म्हणजे एका कुटुंबाचा हिशेब चार संस्थांच्या दप्तरांत. विकास संस्थांच्या संगणकीकरणाची केंद्र सरकारची योजना २०२२ मध्ये मंजूर झाली, आणि ही दप्तरे जुळवण्याचा प्रश्न ऐरणीवर आला.

इथल्या अडचणी कुठल्या पाठ्यपुस्तकात सापडायच्या नाहीत. सोसायटीत ‘आण्णासो’, आधारवर ‘अण्णासाहेब’, बँकेत रोमन लिपीत तिसरेच स्पेलिंग. पूर्वी शाळेत नाव घालताना जन्मतारीख ठाऊक नसली, की गुरुजी सरळ १ जून लिहीत. त्यामुळे नाव आणि जन्मतारीख जुळली म्हणजे माणूस एकच, हा नियम पाटलांच्या गावात तोंडघशी पडतो. श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटात भरलेली नावे सगळीकडे चालणाऱ्या युनिकोडमध्ये न बदलता उचलली, तर पडद्यावर निव्वळ चिन्हांची रांग दिसते. अशा वेळी संस्थेच्या सचिवाला एक फोन लावणे कुठल्याही अल्गोरिदमपेक्षा लवकर कामाला येते.

नियमांचा धाकही मोठा. पेमेंटची माहिती भारतातच साठवावी, असे रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८ मध्ये बजावले. कर्जदारांची माहिती पतमाहिती कंपन्यांना, म्हणजे कुणी कर्ज कसे फेडले याची नोंद ठेवणाऱ्या कंपन्यांना, महिन्यातून दोनदा देण्याचा नियम १ जानेवारी २०२५ पासून लागू झाला. पूर्वी महिनाअखेरीस एकदा होणारी धावपळ त्यामुळे दुप्पट झाली.

मार्चअखेर हा वेगळाच प्रकार. अनेक सर्व्हरांचे घड्याळ जागतिक वेळेवर, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे चालते. १ एप्रिलला पहाटे दोन वाजता कुणी केलेला व्यवहार तिथे ३१ मार्चला रात्री साडेआठचा म्हणून नोंदला जातो. वेळ भारतीय वेळेत बदलायची राहिली, तर तो गेल्या आर्थिक वर्षात जाऊन बसतो आणि लेखापरीक्षकाच्या टेबलावरून परत येतो.