तुरुंगातल्या बाईला पोथी द्यायची आहे? अर्ज कुणाकडे आणि कसा करायचा

भायखळ्याला, येरवड्याच्या महिला कारागृहात किंवा एखाद्या जिल्हा कारागृहाच्या महिला विभागात घरची बाई असेल आणि तिला हरिपाठ, कुराण, बायबल किंवा बुद्धवंदनेची पुस्तिका पोचवायची असेल, तर अर्ज कारागृह अधीक्षकांच्या नावे करायचा. साध्या कागदावर, मराठीत लिहिलेला चालतो. वकील लागत नाही.

ती कच्ची कैदी आहे की शिक्षा झालेली, हे आधी पाहा. १८९४ च्या तुरुंग कायद्यातल्या कलम ३१ ने खटला चालू असलेल्या बंद्याला अन्न, कपडे, अंथरूण आणि ‘इतर आवश्यक वस्तू’ तपासणीनंतर बाहेरून घ्यायची मुभा दिली. पोथी त्या आवश्यक वस्तूंतच येते, हे अर्जात स्पष्ट लिहा. शिक्षा झालेल्या बाईला ही वाट नाही, तिथे अधीक्षकांच्या परवानगीवर भिस्त. मग पुस्तक कारागृहाच्या ग्रंथालयाला भेट देण्याची तयारी दाखवा. तिच्या हातात ते पडेलच, शिवाय बॅरकमधल्या इतर जणींनाही मिळेल. माझ्या मते हा मार्ग कच्च्या कैद्यांसाठीही बरा.

अर्जात तिचं पूर्ण नाव, बंदी क्रमांक, न्यायालय आणि खटला क्रमांक हवा. पुस्तकाचं नाव, भाषा आणि प्रती लिहा. सोबत तुमच्या ओळखपत्राची प्रत आणि नात्याचा पुरावा जोडा. अर्ज दोन प्रतींत न्या आणि एकीवर आवक क्रमांकासह पोच घ्या; पोच नसलेल्या अर्जाचा पाठपुरावा करता येत नाही. भेटीच्या वेळी (तुरुंगाच्या भाषेत ‘मुलाखत’) तिलाही सांगा की आतून तिने स्वतःची विनंती नोंदवावी. मागणी तिची आहे हे कागदावर असलं की नकार देणं अवघड जातं.

पुस्तक शक्यतो नवं, पातळ मुखपृष्ठाचं घ्या. पानांत फोटो, चिठ्ठी, नोट, अंगाऱ्याची पुडी काही ठेवू नका. प्रेमाने ठेवलेली पुडीसुद्धा झडतीत संशयाची होते आणि पुस्तक अडकतं. उदबत्ती, काडेपेटी, भजनं भरलेला पेनड्राइव्ह यांचा विचारच नको. जपमाळेसाठी वेगळं विचारा. वयस्कर बाईसाठी मोठ्या टाइपातली प्रत पाहा. कित्येकींना वाचता येत नाही. एक वाचते, बाकीच्या ऐकतात. त्यामुळे सोप्या भाषेतली प्रत जास्त वापरली जाते. सहा वर्षांपर्यंतचं मूल आईजवळ आत राहू शकतं, तसं असेल तर त्याच अर्जात एखादं चित्रांचं पुस्तकही मागून घ्या.

कीर्तन, प्रार्थना किंवा सामूहिक वाचनासाठी आत जायचं असेल तर प्रकरण मोठं होतं. अर्ज तुमच्या संस्थेच्या वतीने करा. नोंदणी प्रमाणपत्र, आत येणाऱ्या प्रत्येकीचं ओळखपत्र आणि छायाचित्र, कार्यक्रमाचा तपशील आणि लागणारा वेळ एवढी तयारी ठेवा. पोलीस पडताळणी होईल असं धरून चाला. विषय अधीक्षकांच्या हातात न राहता पुण्यातल्या कारागृह मुख्यालयापर्यंत जाऊ शकतो, म्हणून सणाच्या आठवडाभर आधी अर्ज टाकून उपयोग नाही. हजेरी ऐच्छिक राहील आणि धर्मांतराचा प्रचार होणार नाही, हे लेखी द्या. महिला विभागात स्वयंसेविकाच पाठवा.

नकार आला तर तो लेखी मागा. त्यानंतर कारागृह उपमहानिरीक्षकांकडे दाद मागता येते, किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जाता येतं. १९८७ च्या विधी सेवा कायद्याच्या कलम १२ प्रमाणे स्त्री म्हणूनही आणि कोठडीतली व्यक्ती म्हणूनही तिला मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. खटला चालू असेल तर त्याच न्यायालयात अर्ज देता येतो. त्यात धर्मस्वातंत्र्य देणारं संविधानाचं कलम २५ आणि बंद्यांना कसं वागवावं हे सांगणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या नेल्सन मंडेला नियमांपैकी नियम ६६ यांचा उल्लेख करा. शक्य तिथवर प्रत्येक बंद्याला आपल्या धर्माची पुस्तकं जवळ बाळगू द्यावीत, असं तो नियम सांगतो. हे नियम कायद्यासारखे बंधनकारक नाहीत, पण युक्तिवादाला वजन येतं.