साखर उतरली की चढली?

श्रावणातला तिसरा सोमवार, त्र्यंबकेश्वरची ब्रह्मगिरी फेरी. मामांनी पहाटे ग्लिमेपिराइडची, म्हणजे साखर उतरवणारी डायबिटीसची गोळी घेतली होती, उपवास म्हणून पोटात नुसता चहा, आणि लहान फेरी म्हटली तरी वीसेक किलोमीटरची चाल. निम्म्या वाटेवर त्यांना दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले, बोलणं अडखळलं. सोबतच्या एका काकांनी कळवळून सांगितलं, ‘‘शुगर आहे ना त्यांना? वाढली असेल. गोड अजिबात देऊ नका.’’ त्यांची काळजी खरी होती, पण तो सल्ला मामांच्या जिवावर बेतला असता.

डायबिटीसवाल्याला चक्कर आली की साखर वाढलीच, हा समज आपल्याकडे घरोघरी आहे. साखर उतरते ती मिनिटांत: घाम, थरथर, छातीत धडधड, कडकडून भूक, विनाकारण चिडचिड. रक्तातली साखर 70 (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) च्या खाली गेली की उतरली समजायची. 54 च्या खाली मेंदूलाच ग्लुकोज अपुरं पडू लागतं. माणूस असंबद्ध बोलतो, झोकांड्या खातो, बघणाऱ्याला तो प्यायलेला वाटतो.

चढणारी साखर मात्र तासांत, दिवसांत चढते. घशाला कोरड, न भागणारी तहान, रात्री चार-चारदा लघवीला उठणं. पुष्कळांना तर काहीच जाणवत नाही. पण उलट्या, पोटात दुखणं, खोल धापा आणि तोंडाला पिकल्या फळासारखा वास येत असेल, तर रक्तात कीटोन (शरीर साखरेऐवजी चरबी जाळतं तेव्हा तयार होणारी आम्लं) साठले असावेत. इन्सुलिन चुकलेल्यांना हा धोका जास्त. वयस्कर माणसाची साखर 600 च्या पुढे जाऊन तो गुंगीत जाऊ शकतो. अशा वेळी घरी उपाय करत बसू नका, थेट हॉस्पिटल गाठा.

थकवा, चक्कर, धूसर दिसणं, गोंधळणं दोन्हींत असतं. म्हणून ग्लुकोमीटर, म्हणजे घरी साखर मोजायचं छोटं यंत्र, हवा. तो जवळ नसेल आणि माणूस शुद्धीवर असेल, तर साखर उतरली असं धरूनच चाला. चढलेल्या साखरेत तीन चमचे साखरेने थोडीशी भर पडेल, उतरलेली तशीच राहिली तर झटके येऊ शकतात.

चहाच्या चमच्याने तीन-चार चमचे साखर पाण्यात द्या, नाहीतर अर्धा ग्लास फळांचा रस. द्राक्षांच्या हंगामात आपल्या नाशिककरांकडे औषध टोपलीतच असतं: पंधरा-सतरा द्राक्षांत साधारण 15 ग्रॅम कर्बोदकं मिळतात. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा, कमीच असेल तर पुन्हा द्या. पेढा नको, त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोहोचते. वोग्लिबोज ही डायबिटीसची गोळी घेणाऱ्यांना साधी साखर लवकर लागू पडत नाही, त्यांना ग्लुकोज पावडरच हवी. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालू नका, कुशीवर वळवा आणि 108 ला फोन करा.

उपवासात तर एकाच दिवशी दोन्ही घडतं. सकाळी रिकाम्या पोटी गोळी घेतली की साखर उतरते आणि दुपारी साबुदाण्याच्या खिचडीने उसळते. नुसत्या मेटफॉर्मिनने साखर सहसा एवढी उतरत नाही, ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड किंवा इन्सुलिनने उतरते. उपवास धरायच्या आधीच डॉक्टरांना डोस विचारा.

साखरपाण्याने मामा वीस मिनिटांत सावरले आणि ‘‘चला, फेरी पुरी करू’’ म्हणाले. आम्ही त्यांना केळं खाऊ घातलं आणि गाडीने परत आणलं. ग्लिमेपिराइडचा अंमल दिवसभर राहतो, साखर पुन्हा घसरू शकते. रात्री झोपेपर्यंत दर दोन तासांनी त्यांची साखर तपासत होतो.