ऑक्सिमीटरवरच्या नव्वदनंतरचा उतार

ऑक्सिमीटरवर ९० दिसले की अनेकांना हायसे वाटते. शंभरातले दहाच तर कमी! हा समज घातक आहे. तो आकडा रक्तातल्या ऑक्सिजनचा दाब सांगत नाही. रक्तात ऑक्सिजन वाहून नेणाऱ्या हिमोग्लोबिनच्या शंभरातल्या किती जागा भरल्या आहेत, म्हणजेच त्याची संपृक्तता किती, एवढेच सांगतो.

हिमोग्लोबिनच्या एका रेणूत लोहाचे चार अणू असतात आणि प्रत्येकावर ऑक्सिजनचा एक रेणू बसतो. पण या चार जागा एकमेकींपासून अलिप्त नाहीत, आणि सगळे सौंदर्य इथेच आहे. एका जागी ऑक्सिजन बसला की तिथला लोहाचा अणू किंचित सरकतो, त्याला जोडलेली प्रथिनाची साखळी ओढली जाते, रेणूची घडण बदलते आणि उरलेल्या जागा ऑक्सिजन अधिक घट्ट धरू लागतात. एक सुटला की बाकीच्यांची पकडही सैल होते. म्हणून दाब आणि संपृक्ततेचा आलेख सरळ न जाता इंग्रजी ‘एस’सारखा वळतो. धमनीतला दाब १०० मिमी पारा असताना संपृक्तता ९७-९८ टक्के असते. दाब ६० वर आला तरी ती ९० च्या आसपास टिकते. म्हणजे ऑक्सिमीटर ९० दाखवतो तेव्हा दाब ४० टक्क्यांनी उतरलेला असतो! त्यानंतर तीव्र उतार लागतो: दाब ४० ला ७५ टक्के, २७ ला जेमतेम ५०. ताप असेल किंवा रक्तात आम्लता वाढली असेल, तर त्याच दाबाला संपृक्तता आणखी कमी भरते.

दम लागेलच, या भरवशावरही राहू नये. श्वासाची लय मुख्यतः कार्बन डायऑक्साइड ठरवतो. ऑक्सिजन कमी झाल्याची जोरदार हाक मानेतल्या धमन्यांजवळचे संवेदक ऑक्सिजनचा दाब साधारण ६० च्या खाली गेल्यावरच देतात.

मोजताना नेलपॉलिश काढावे, गार बोटे चोळून ऊबदार करावीत, हात स्थिर ठेवून आकडा ठरेपर्यंत मिनिटभर थांबावे. सावळ्या त्वचेवर यंत्र थोडे जास्तही दाखवू शकते. आकडा वारंवार ९४ च्या खाली येत असेल तर डॉक्टरांना कळवावे, ९० ची वाट पाहू नये. फुप्फुसांच्या काही जुनाट आजारांत मात्र ८८ ते ९२ हेच लक्ष्य असते. ते डॉक्टरांनीच ठरवावे.

‘ऑक्सिजनयुक्त पाणी’ पिऊन हा आकडा वाढत नाही. साध्या दाबाला लिटरभर पाण्यात शुद्ध ऑक्सिजन जेमतेम ३० मिलिलिटर विरघळतो. शरीराला विश्रांतीतही मिनिटाला २५० लागतो.

आणि ९८ दिसले तरी कार्बन मोनॉक्साइडची विषबाधा नाही, असे म्हणता येत नाही. त्या वायूने अडवलेले हिमोग्लोबिन साध्या ऑक्सिमीटरला ऑक्सिजनने भरलेलेच वाटते.